भरतीचा फोटो

"माफी मागणार नाही म्हणजे नाही!"

बाई दारात उभी राहून हे बोलली तेव्हा भावजी नुकताच चहाचा कप तोंडाला लावत होते. बाई आपल्यालाच बोलतेय असं वाटून त्यांनी सवयीने "सॉरी" म्हणून टाकलं.

"तुम्ही गप्प बसा, भावजी," वहिनी म्हणाल्या. "आत ये गं. कुणाची माफी, आणि कशाबद्दल?"

वहिनी म्हणजे भावजींच्या थोरल्या भावाची बायको. आता मात्र अख्खं गाव त्यांना वहिनीच म्हणतं. विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे हुडकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर त्यांनी तोच उद्योग घरच्या बैठकीच्या खोलीत मांडला. भावजी त्यांची गाडी चालवतात, ओझी उचलतात आणि दर प्रकरणात न चुकता भलत्याच माणसावर संशय घेतात.

आलेल्या बाईच्या नखांत निळा रंग होता. ती खेळण्यांच्या दवाखान्यात कामाला होती. मान मोडलेल्या बाहुल्या, चाकं गेलेल्या मोटारी, कान तुटलेली अस्वलं तिथे येतात आणि धडधाकट होऊन घरी जातात. तिला तिथे सगळे रंगवाली म्हणत.

"डॉक्टरीणबाईंचा लाकडी घोडा आला आमच्याकडे," ती सांगू लागली. "डोलणारा. त्यांच्या वडिलांच्या लहानपणीचा. फक्त रंग द्यायचा होता. माझ्या टेबलावर आला तेव्हा त्याच्या पुढच्या गुडघ्याला हा एवढा तडा! आता सगळे म्हणतात, तो मी मोडला. आमच्या मालकांनी, मामांनी, माफीनामा टाइप करून ठेवलाय. आज संध्याकाळपर्यंत सही केली नाही तर मला काढणार आणि गावातल्या प्रत्येक कारखान्यात कळवणार. मग मला कोण उभं करेल? मला दुसरं काही येत नाही, वहिनी. आणि हे जे येतं ते चांगलं येतं."

"तडा आधीपासून होता, याला पुरावा?"

"आहे. म्हणजे होता." तिचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "आमच्याकडे नियम आहे. माझाच नियम. खेळणं आलं की हात लावायच्या आधी त्याचा भरतीचा फोटो. त्यासाठी मी मामांच्या मागे लागून लहानसा डिजिटल कॅमेरा घ्यायला लावला. बॅटरी चार्ज करण्यापासून तारीख-वेळ लावण्यापर्यंत सगळं मी केलं. फ्लॅश बंद, कारण रंगावर चकाकतो. जवळच्या फोटोसाठी ते फुलाचं चिन्ह. घोड्याचा फोटोही मी काढला. त्या दिवशी तेवढं एकच खेळणं आलं होतं. काढल्यावर पडद्यावर दिसला, या डोळ्यांनी पाहिला. संध्याकाळी मामांचा भाचा फोटो कॉम्प्युटरवर टाकतो, तेव्हा बघतात तर हा फोटो गायब!"

"पुसला असेल कुणीतरी," भावजी म्हणाले.

"तेच तर! पुसला असता तर मधला एक नंबर गेला असता. कॅमेरा प्रत्येक फोटोला ओळीने नंबर देतो. नंबर सगळे जागच्या जागी आहेत. म्हणून मामा म्हणतात, तू काढलाच नाहीस."

"त्या दिवशी कॅमेऱ्यात काही वेगळं वाटलं?" वहिनींनी विचारलं.

"नाही. हां, एक. कोपऱ्यात आकडा असतो ना, अजून किती फोटो मावतील त्याचा? नेहमी चांगला भलामोठा असतो. त्या दिवशी अगदीच छोटा होता. म्हटलं, भरत आला असेल."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

रंगवाली थबकली. "दुसऱ्या दिवशी परत मोठा होता."

"भाच्यानं फोटो कॉम्प्युटरवर टाकून जागा केली असेल," भावजींनी लगेच निकाल दिला. वहिनींनी चष्मा पुसला. भावजींच्या निकालानंतर त्या हटकून चष्मा पुसतात.

दवाखाना जुन्या बाजारात वरच्या मजल्यावर होता. जिन्याचा कठडा हिरवा, रंग ताजा. वहिनी जिन्याच्या वळणावर थांबल्या आणि वाकून बघत राहिल्या. सगळ्या कठड्यावर कुंचल्याचे फटकारे उभे होते. वळणावर हातभर जागेत तेवढे आडवे.

"गुडघे दुखतायत का?" भावजींनी काळजीने विचारलं.

"तुमचे दुखत नाहीत ना? मग चला."

मामा म्हणजे दवाखान्याचा मालक. भाच्यामुळे त्याला सगळेच मामा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला सुतार बोलवावा लागेल असा होता.

"त्या दिवशी मी दिवसभर बाहेर होतो," तो म्हणाला. "संध्याकाळी येतो तर घोड्याचा पाय लटकतोय. भाचा म्हणाला, त्यानं घोडा धड दिला होता. तो कशाला खोटं बोलेल? पुढे दुकान त्याचंच आहे!"

"आणि ही कशाला खोटं बोलेल?"

"घाबरून." त्याने रंगवालीकडे बघायचं टाळलं. "हिच्या फोटोंचं काही सांगू नका. कॅमेरा आणला त्या दिवशी दुकानदार कार्ड द्यायला विसरला होता. तरी हिला दम कुठला! पहिला फोटो माझाच काढला. माझे डोळे मिटलेले. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी कार्ड आणलं, तर तो फोटो कुठेच नाही! गेला हवेत. हाही तसाच गेला म्हणायचं."

"तेव्हा भाचा होता?"

"छे. तो त्यानंतर आला. आता रोज संध्याकाळी कार्ड काढून फोटो कॉम्प्युटरवर टाकायचं काम तोच करतो."

"कठडा कधी रंगवला?"

"त्याच दिवशी. माझ्या नशिबाला सगळं एकदम येतं! वळणावर कुणीतरी अंग घासलं, रंगाऱ्याला पुन्हा हात मारायला लावला."

डॉक्टरीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सोबत त्यांचा ड्रायव्हर. घोडा टेबलावर उभा होता, पुढचा पाय कापडाच्या पट्टीने बांधलेला.

"माझ्या घरून घोडा धड निघाला," बाई तुटकपणे म्हणाल्या. "माझे वडील यावर बसून डोलायचे. त्यांची आई गेली तेव्हा ते दिवसभर याच्यावरून उतरले नव्हते. मला कुणाची नोकरी घालवायची नाही. मला खरं काय ते हवंय."

"मी घोडा खाली दारात भाचासाहेबांच्या ताब्यात दिला," ड्रायव्हर म्हणाला. "पुढचं मला ठाऊक नाही. गाडी चुकीच्या जागी लावली होती, लगेच निघालो."

"ह्यानंच आपटला असणार," भावजी वहिनींच्या कानात पुटपुटले. वहिनींनी चष्मा काढला.

त्यांनी घोड्याचा गुडघा नाकाजवळ नेला. तड्याजवळची जागा बाकीच्या लाकडापेक्षा स्वच्छ होती. टर्पेंटाइनचा पुसट वास येत होता.

"तू हे पुसलंस?"

"मी? जुन्या रंगावर टर्पेंटाइन?" रंगवाली जवळजवळ ओरडलीच. "रंग उतरेल ना! असं कोण करतं?"

भाचा तेवढ्यात गल्ल्यामागून आला. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला लोण्यासारखा.

"वहिनी, मला तिचं वाईटच वाटतं," तो म्हणाला. "चूक होते माणसाची. सही करायची, विषय संपवायचा. उगाच एवढा ताठा कशाला?"

"ताठा माझा नाही, घोड्याचा पाय ताठ राहिला नाही हे दुखणं आहे!" रंगवाली कडाडली.

"तू घोडा वर आणलास तेव्हा तडा नव्हता?" वहिनींनी भाच्याला विचारलं.

"अजिबात नाही."

"मग ती म्हणते तिनं फोटो काढला, ते कसं?"

"खटका दाबला असेल हो. दाबला नाही असं मी कुठे म्हणतो? पण आत कार्डच नसेल तर हजारदा दाबून काय उपयोग?"

खोलीत कुणाला काहीच वावगं वाटलं नाही. भावजींनी तर मान डोलावली. वहिनी मात्र खुर्ची ओढून निवांत बसल्या. त्यांचं काम झालं की त्यांना बसावंसं वाटतं.

"कॅमेरा द्या इकडे," त्या म्हणाल्या. "आणि सगळे जवळ या. भावजी, तुम्ही दाराशी उभे राहा. नुसते उभे राहा, काही ठरवू नका."

कॅमेरा तळहातावर मावेल एवढा होता. वहिनींनी तो चालू केला. पडद्यावर बाहुल्या, मोटारी, अस्वलं सरकू लागली. घोडा नव्हता.

"मामा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. नंबर ओळीने आहेत, म्हणजे कार्डावरचा फोटो कुणी पुसलेला नाही. तुमचं चुकतं पुढे. कार्डावर नाही म्हणजे काढलाच नाही, असं तुम्ही धरलंत. पण तुमचाच पहिला फोटो आठवा. तेव्हा कार्ड नव्हतं. तरी तुम्ही सगळ्यांनी तो बघितलात आणि हसलात. मग तो होता कुठे?"

मामा कॅमेऱ्याकडे वाकला.

"आता तो छोटा आकडा. एका दिवसापुरता छोटा, मग परत मोठा. भावजी म्हणाले, भाच्यानं जागा केली. कार्ड भरत आलं असतं तर आकडा हळूहळू उतरला असता, एका सकाळी धाडकन पडला नसता. त्या दिवशी कॅमेरा कार्डावर लिहितच नव्हता. कार्ड आत नव्हतंच."

"पण हे तर..." भावजी दाराशी चुळबुळले.

"हे आजवर कुणाच्या तोंडून आलं नव्हतं. रंगवालीला ठाऊक नव्हतं. मामांना नव्हतं. मी विचारलं फक्त एवढं की ती फोटो काढला असं कसं म्हणते. उत्तर काय आलं? 'आत कार्डच नसेल तर.' कार्ड नव्हतं हे तुला कसं ठाऊक, बाळा?"

भाच्याचा इस्त्रीचा शर्ट तसाच राहिला, चेहरा मात्र चुरगळला. "मी आपलं एक बोललो," तो म्हणाला. "बोलायची पद्धत असते."

"असते ना. आता माझी ऐक. तू घोडा वर आणलास आणि वळणावर ओल्या कठड्यावर त्याचा गुडघा आपटलास. रंगाऱ्याचे फटकारे तिथे आडवे आहेत, ते तू खरवडलेलं झाकायला. घोडा टेबलावर ठेवलास आणि आठवलं, आता ही आधी फोटो काढणार. नंतर पुसला तर नंबर तुटेल, हे तुला माहीत, रोज तूच तर कार्ड हाताळतोस. म्हणून तिची पाठ वळल्यावर कार्डच काढून घेतलंस. ती जेवायला गेल्यावर गुडघ्यावरचा हिरवा रंग टर्पेंटाइनने पुसलास. संध्याकाळी कार्ड परत आत. बिनतोड काम! एकच राहिलं. तू कॅमेरा आला त्या दिवशी इथे नव्हतास. कार्ड नसलं तरी या कॅमेऱ्याच्या पोटात थोडीशी जागा असते, हे तुला कुणी सांगितलं नाही."

"सगळ्या हवेतल्या गोष्टी," भाचा म्हणाला, पण त्याचे डोळे कॅमेऱ्यावर खिळले होते.

वहिनींनी कॅमेऱ्याचं तळाशी असलेलं झाकण उघडलं आणि कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मग कॅमेरा रंगवालीच्या हातात दिला. "तुझा नियम, तुझा कॅमेरा. तूच बघ."

तिने बटण दाबलं.

पडद्यावर घोडा आला. पुढच्या गुडघ्याला तडा, आणि तड्याच्या कडेला हिरव्या रंगाचा ओला ओरखडा, तड्याच्या नादात नजरेतून सुटेल एवढा, पण कठड्यासारखाच हिरवा. कोपऱ्यात त्या दिवशीची तारीख.

"दिसला!" तिने पडदा सगळ्यांकडे वळवला. "सांगत होते ना मी? सांगत होते!"

तिने आणखी एकदा बटण दाबलं. आता मामा होता. डोळे मिटलेला, मिशी एका बाजूला गेलेली. भावजी फिस्सकन हसले आणि वहिनींनी बघितल्यावर गंभीर झाले.

"मामा, मी मुद्दाम नाही..." भाचा बोलू लागला. "तुम्ही म्हणाला होतात, आता एक जरी वस्तू मोडलीस तर दुकान विसर. म्हणून..."

"म्हणून हिचं पोट मारायला निघालास?" मामाच्या कपाळाच्या शिरा तटतटल्या. तो टेबलाकडे गेला, माफीनाम्याचा कागद उचलला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला.

"थांबा!" रंगवाली म्हणाली. "फाडू नका. मजकूर चांगला लिहिलाय तुम्ही. हलगर्जीपणा, खोटेपणा, सगळं आहे त्यात. फक्त नाव बदला."

मग डॉक्टरीणबाईंनी आपलं पेन काढून भाच्यापुढे ठेवलं. त्याने मामाकडे बघितलं, मामाने दाराकडे, आणि दारात तर भावजी उभे होते. त्याने रंगवालीचं नाव खोडलं, आपलं घातलं आणि सही केली.

"आणि तुम्ही, मामा?" रंगवाली अजून जागची हलली नव्हती.

"चुकलो," मामा पुटपुटला.

"एवढे दिवस मला सगळ्यांसमोर बोललात. आता हेही सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"चुकलो! तुझं न ऐकता याचं ऐकलं, चुकलो! बास?"

"बास."

डॉक्टरीणबाई उठल्या. "घोडा दुसरीकडे न्यायचा विचार होता माझा," त्या म्हणाल्या.

"कुठेही न्यायचा नाही," रंगवाली म्हणाली. "पाय मीच जोडणार. तुमच्या वडिलांनाही जोड ओळखू आला नसता असा जोडणार."

बाई हसल्या आणि परत बसल्या.

रंगवालीने घोड्याची पट्टी सोडली आणि त्याला उजेडाकडे तोंड करून उभा केला. कार्ड कॅमेऱ्यात सरकवलं, कोपऱ्यातला आकडा पाहून घेतला. भलामोठा होता. पण आधी तिने कॅमेरा घोड्यावर धरलाच नाही. तो मामाच्या तोंडासमोर आणला.

"आता डोळे उघडे ठेवा," ती म्हणाली, आणि खटका दाबला.