पाहुण्याशेजारची खुर्ची

निशा खरात ऑफिसात आली तेव्हा माऊलीनं अख्खी कचोरी तोंडात कोंबली होती. त्यामुळे ‘बसा’ हे मोतीरामलाच म्हणावं लागलं. क्रांती चौकातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खासगी तपासाचं काम मोतीराम दाभाडे करायचा. माऊली त्याचा शाळेपासूनचा सोबती. त्याला दिसायचं सगळं, फक्त कळायचं उशिरा.

“चितेगावला माझा रबरी सीलचा छोटा कारखाना आहे,” निशा म्हणाली. “आमचा उद्योजकांचा ग्रुप दर बुधवारी नाश्त्याला भेटतो. एकमेकांना गिऱ्हाइकं जोडून देतो. या बुधवारी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचे खरेदीप्रमुख पाथ्रीकर साहेब माझे पाहुणे होते. जाताना मी त्यांना सीलच्या नमुन्यांचा डबा दिला. त्यांनी ते तपासायला रात्रभर तेलात बुडवून ठेवले, अन् सकाळी सील टम्म फुगलेले! माझा माल तेलात फुगत नाय, दादा. कुणीतरी डब्यातले सील बदलले.”

“डबा नजरेआड कधी झाला?”

“नाश्त्याच्या वेळी. मी ओळखी करून घेत फिरत होते. साहेबांच्या टेबलावर डबा होता अन् तिघं होते. सत्यम, तनुजा आणि शिवराज.”

“बदललेले सील मापाला कसे?”

“तंतोतंत. म्हणून तर साहेबांना शंका आली नाही. ते माप फक्त मला अन् कंपनीला ठाऊक. ग्रुपात मी कुणाला दाखवलं नव्हतं. आता ग्रुपात मला फसवी म्हणतात. येत्या गुरुवारी ऑर्डर ठरणार. ती गेली तर कामावरच्या बायांना घरी बसवावं लागंल.”

माऊलीला कचोरी गिळवेना. त्याला तिची फार दया आली.

पहिला गाठला सत्यम. त्याचा खोके बनवायचा धंदा. “व्हय, राग हाय माझा,” तो सरळ म्हणाला. “निशाताईनं माझे खोके घेणं बंद केलं. पण त्या साहेबाला मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.”

तनुजा बाहेरून सील आणून विकायची. “निशाला ऑर्डर मिळाली तर माझं नुकसानच. लपवू कशाला? पण साहेबांशी माझी ओळख नव्हती. ओळख व्हावी म्हणूनच त्या टेबलाला बसले, तर ते माझ्याशी धड बोललेसुद्धा नाहीत. अन् शिवराजचं बघा! माझ्या अन् साहेबांच्या मधली, त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची त्याच्यासाठी धरून ठेवली होती. हा पठ्ठ्या अख्ख्या टेबलाला वळसा घालून त्यांच्या पलीकडं बसला. मी काय खाणार होते त्याला?”

शिवराज मात्र माणूस म्हणजे लोणी. प्लास्टिकचे सुटे भाग बनवायचा. माऊलीला घाम आलेला पाहून त्यानं न विचारता पंख्याखालची खुर्ची दिली, चहाआधी पाणी दिलं. “रबर आपला धंदा नाय, मोतीरामजी. साहेबांची माझी भेटच त्या बुधवारची. तिथंच कार्ड दिलं. दुसऱ्याच्या पाहुण्याकडं परस्पर जायचं नाय, हा तर आमच्या ग्रुपचा पहिला नियम.”

“याला बघून शिकावं लोकांनी,” बाहेर पडताना माऊली म्हणाला.

शेंद्र्याच्या केबिनमध्ये माऊली पाथ्रीकरांच्या डाव्या बाजूला बसला, मोतीराम उजव्या. माऊलीनं दोनदा विचारलं, “साहेब, डबा कुणी उघडला होता का?” साहेबांनी मान वळवली नाही. तोच प्रश्न मोतीरामनं विचारला, तर लगेच म्हणाले, “माझ्यासमोर नाही.”

“या ऑर्डरसाठी आणखी कुणी आलं होतं?”

“आलं होतं. नाव सांगणार नाही. माझ्याकडे आलेल्या माणसाचं नाव माझ्याकडून बाहेर जात नाही.”

“लई घमेंडी माणूस,” जिना उतरताना माऊली पुटपुटला. मोतीराम हसला आणि परत वर गेला. साहेबांना पुढच्या बुधवारी यायचं निमंत्रण देऊन आला.

बुधवारी पोहे निवत आले तरी कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. साहेबांच्या डाव्या बाजूला निशा बसली होती. तिच्या अन् साहेबांच्या मधली खुर्ची मोतीरामनं मुद्दाम रिकामी ठेवली होती, उजवीकडचीही. शिवराज आला, सगळ्यांना नमस्कार केला, दाराजवळची डावीकडची खुर्ची सोडून वळसा घालून पलीकडे गेला आणि वाकून साहेबांची तब्येत विचारू लागला. माऊलीनं हे पाहिलं. नेहमीप्रमाणे नुसतंच पाहिलं.

मोतीराम उभा राहिला. “नाश्त्याच्या वेळात हुबेहूब सील घडवता येत नाही. ज्यानं बदलले, त्यानं आधीच करून आणले होते. म्हणजे त्याला माप ठाऊक होतं. ते निशाताईंकडून बाहेर गेलं नाही. उरली कंपनी. तेव्हा बदलणारा साहेबांकडे आधी जाऊन आलेला आहे. पण तिघंही म्हणतात, आम्ही त्यांना त्याच दिवशी पाहिलं. एकजण खोटं बोलतोय.”

“कोण?” सत्यम म्हणाला.

“ज्याला साहेबांविषयी एक गोष्ट आधीच माहीत होती. ती मी सांगणार नाही. ती त्यांची खासगी आहे.”

पाथ्रीकरांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, “मी सांगतो. माझा डावा कान गेलाय. सांगायची लाज वाटते, म्हणून लपवतो. केबिनमध्ये चारदा बसल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याकडे कोण आलं होतं, ते मी आजही सांगणार नाही.”

ते सांगायची गरज उरली नव्हती. सगळे उजवीकडच्या खुर्चीकडे बघत होते. माऊलीलासुद्धा कळलं.

“तनुजाताईंनी धरलेली डावीकडची खुर्ची तुम्ही सोडलीत, शिवराजराव,” मोतीराम म्हणाला. “आजही सोडलीत. माणसाला सोयीचं होईल तिथं बसायचं, ही तुमची सवय. फार चांगली सवय आहे. त्या दिवशी थोडा उद्धटपणा केला असता, तर सुटला असतात.”

शिवराजचा चेहरा पडला. “मेव्हण्याच्या नावानं रबराची मशीन टाकली हाय,” तो हळूच म्हणाला. “ऑर्डर निशाला जाणार हे कळलं, अन् बुद्धी फिरली.” त्यानं हात जोडले, पण कुणी ‘असू द्या’ म्हणालं नाही. तो उठून निघून गेला.

माऊलीला वाईट वाटलं. पंख्याखालची ती खुर्ची त्याला आठवत राहिली.

निशानं सीलचा नवा डबा पुढे सरकवला. “साहेब, एकदा परत तपासाल का?” तिचा आवाज जेमतेम निघाला. त्यांना ऐकू गेलं नाही.

पण आता त्यांनी ते लपवलं नाही. सगळ्यांसमोर खुर्ची करकर वाजवत फिरवली, उजवा कान तिच्याकडे केला आणि म्हणाले, “आता बोला, ताई.”