डाव्या हाताचा आशीर्वाद

"आज दुपारी माझ्या नवऱ्याचा हात तोडणार आहेत, साहेब!" गावातली कोडी सोडवणाऱ्या फुल्वियोच्या उंबऱ्यातच दियानोरा कोसळली.

तिचा नवरा नेल्लो तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने संतांची चित्रं कोरून छापायचा. कालच्या उत्सवात त्याचा संत आन्सानो चक्क डाव्या हाताने आशीर्वाद देताना सापडला. संताची विटंबना! आणि हा शहाणा कोठडीत तोंड उघडायला तयार नव्हता.

फुल्वियोने तिच्याकडचं नेहमीचं चित्र आणि ते बदनाम चित्र शेजारी ठेवलं. तीच लांबलचक मान, तीच निमुळती बोटं. बदनाम कागद मात्र फिका होता. फुल्वियोने कडांवरून बोट फिरवलं. चांगल्या कागदावर छापताना दाबल्या गेलेल्या पत्र्याच्या कडेची खाच बोटाला लागली. दुसरा सपाट होता.

"दाढीत हा ओरखडा कसला?"

"सुई सटकली त्यांची. दिवसभर धुसफुसत होते."

ओरखडा दोन्ही कागदांवर होता.

"कोर्सिनोचं काम!" फुल्वियोचा मित्र, बेप्पे न्हावी म्हणाला. "छापील चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं, की छापताना उलटं येतं. मेला जळतो नेल्लोवर."

तिघं दुकानात जाऊन थडकले, तसा नेल्लोच्या शेजारचा कारागीर कोर्सिनो उखडलाच. "जळतो, जा! पण नक्कल केली असती तर खाली नाव माझं घातलं असतं. काल विकायला कोण बसलं होतं, ते विचारा."

"मीच," दियानोरा म्हणाली. "गर्दी उसळली, म्हणून दोरीवर वाळत होते ते सगळे कागद ओढून नेले."

फुल्वियोने डोळे मिटले. त्याला हे बोलायचंच नव्हतं.

"ही नक्कल नाही, बेप्पे. ओरखडा केसभरही बदललेला नाही, म्हणजे पत्रा एकच. पण या कागदाला पत्रा लागलेलाच नाही, नाहीतर खाच उठली असती. ओल्या छापावर कोरा कागद दाबून हा काढलाय. म्हणून फिका, म्हणून उलटा."

"असले उद्योग करतं कोण?"

"सगळेच कारागीर. पत्र्यावर चित्र उलटं असतं. दुरुस्ती करताना ताडून बघायला समोर तसाच उलटा कागद लागतो. काम झालं की जाळून टाकतात."

दियानोराचा चेहरा पांढराफटक पडला. "त्यांनी तो वाळत घातला... आणि मी विकला."

"म्हणून तो गप्प आहे, बाई. बोलला तर हात तुमचा जाईल."

ती धावत सुटली. "माझा तोडा! मी विकलं!" रस्ताभर ओरडत होती.

गर्दी नको म्हणून न्यायाधीशाने शिक्षा सकाळीच उरकून घेतली होती. नेल्लो कोठडीच्या पायरीवर बसला होता. उजवं मनगट फडक्यात गुंडाळलेलं होतं.

त्याने डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"रडू नकोस गं. आता माझ्याकडेही हाच उरलाय."