पुढची जागा

लग्नाला पन्नास वर्षं होत आली, तेव्हा कुठं विजयमालाबाई गाडीत पुढं बसल्या.

तोवर त्यांची जागा मागं. सासऱ्यांची बैलगाडी असो, फौजेतून सुटून आल्यावर वीरधवलरावांनी घेतलेली जुनी जीप असो, नाहीतर नंतरची पांढरी मोटार. पुढं कायम पुरुषमाणूस. कुणी नसलं तर खताचं पोतं पुढं बसायचं, पण बाईमाणूस मागंच. नवऱ्याच्या मानेवरचे केस काळ्याचे पांढरे होताना त्यांनी मागच्या सीटवरूनच पाहिले होते.

नवी गाडी थोरल्या जयराजनं आणली. काळीभोर, उंच, उभ्याउभ्या गुरगुरणारी. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला आणि वीरधवलराव सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, पुढं बस."

शेजारच्या मनुबाई पदरात तोंड लपवून हसल्या. "बया! आता गॉगल तेवढा घे गं विजयमाला."

जयराजनं बापाला गिअरजवळचा गोल खटका फिरवून दाखवला. "आबा, हे कम्फर्ट. गाडी मऊ चालते. हे स्पोर्ट. इंजिन चवताळतं, सस्पेन्शन कडक होतं. आणि हे शेवटचं आपल्या मनासारखं. मऊपणा किती, उंची किती, इंजिन किती, सगळं तुमी ठरवायचं. एकदा ठरवलं की गाडी ध्यानात ठेवते."

"आनि मगाशी फुस्स झालं ते?"

"हवेवर उभी हाय ती. माणूस चढताना खाली बसते. वजन पडलं की जरा दबते, मग सोताला उचलून घेते. आणि पडद्यावर हे सीटांचं चित्र. जिथं माणूस, तिथं हिरवा दिवा. बघ आई, तुझा लागला."

"पन्नास वर्षांनी का हुईना," विजयमालाबाई म्हणाल्या, तशी सगळी हसली.

मग वीरधवलरावांनी त्यांना रोज उसातल्या गाडीवाटेनं फिरवलं. बाईंचा मणका जुना दुखरा. "डोळं मीट," ते म्हणायचे. "आता?"

"जरा हिसका बसतोय."

खटका फिरायचा. "आता?"

"कमरंत न्हाई लागत. पर डोलतंय लय."

खड्डा एकच, पण गाडी त्यावरून पुन्हा पुन्हा जायची. वीरधवलराव पडद्यावर बोट ठेवून बोटाएवढंच कमीजास्त करायचे. शेवटी एके सकाळी बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "झोळीत बसल्यागत वाटतंय."

"मग हेच," ते म्हणाले आणि गाडीला ध्यानात ठेवायला सांगितलं.

कुठं दुखतंय, असं त्यांनी उभ्या जन्मात बाईंना विचारलं नव्हतं. विजयमालाबाईंनी काचेकडं तोंड केलं आणि पदरानं डोळे टिपले.

लेक प्रियदर्शनी सांगलीला दिलेली. महिन्यातून एकदा तिच्याकडं फेरी व्हायची, ती कराडवरून, महामार्गानं. नव्या गाडीनं मात्र वीरधवलराव कोरेगावच्या रस्त्याला लागले.

"हिकडनं कुठं?"

"वडूजवरनं जाऊ. गर्दी न्हाई."

कोरेगाव सुटलं आणि त्यांनी खटका स्पोर्टवर टाकला. गाडी दगडासारखी कडक झाली. प्रत्येक खड्डा बाईंच्या कण्यातून थेट मानेत चढू लागला.

"आवं, माझी ती सेटिंग लावा की."

"लावतो. अजून रस्ता चांगला हाय."

वडूज मागं पडलं. उजाड माळ लागला. रस्त्याकडेला एकच कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याच्या बुडाशी फोडलेल्या खडीचा जुना ढीग. बहात्तरच्या दुष्काळात हा रस्ता झाला, तेव्हाची उरलेली खडी. तिच्यातून गवत उगवून वाळलेलं. वीरधवलरावांनी तिथं गाडी थांबवली. खटका शेवटच्या खुणेवर नेला. फुस्स करून गाडी खाली बसली.

"कोन यायचंय?"

"कोन न्हाई. इंजिनाला जरा दम."

दार उघडलं नाही. पण मागचा डावा कोपरा हलकेच दबला. साडी सावरत कुणी बसावं, तसा. मग गाडीनं स्वतःला उचललं. पडद्यावर बाईंच्या मागच्या सीटवर हिरवा दिवा लागला.

तिथून सांगलीपर्यंत गाडी झोळीसारखी गेली.

परतताना लिंबापाशी पुन्हा थांबली. खाली बसली, हलकी होऊन उठली. दिवा विझला आणि खटका स्पोर्टवर गेला.

घरी आल्यावर बाईंनी जयराजला फोन लावला. "आरं, रिकाम्या सीटवर दिवा लागतो व्हय?"

"पिशवी ठेवली असशील आई."

"पिशवी डिकीत हुती."

"मग सेन्सर. पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवू."

पुढच्या महिन्यातही तेच झालं. त्या खेपेला वास आला. फोडलेल्या दगडाचा, ठिणगी पडल्यासारखा, आणि त्यात उन्हात राबलेल्या अंगाचा घाम. बाईंनी वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. सीटचं कातडं मात्र चेपलेलं होतं आणि त्यावर पांढरी भुकटी.

"बरं बसतंय न्हवं?" वीरधवलराव मऊ आवाजात म्हणाले.

"व्हय," बाई म्हणाल्या.

मग त्यांच्या ध्यानात आलं. ते आरशात बघत होते.

फौजेत जाण्याआधी वीरधवलराव दुष्काळी कामावर खडीचा ट्रक चालवायचे, एवढं बाईंना ठाऊक होतं. सासूबाई एकदा चुलीपुढं बोलून गेल्या होत्या, "त्याला माळावनं, त्या खडीवालीपासनं कसा घरी आनला, ते आमचं आमाला म्हाईत." आणि त्यांनी भाकरी जोरानं थापली होती. सून नवी होती. तिनं विचारलं नाही.

आता विजयमालाबाईंना रात्रभर त्या गाडीवाटेवरचा खड्डा आठवत राहिला. डोळं मीट. आता? आता? त्यांच्या कण्यावरून माप घेतलं होतं, शिंप्यानं एकीच्या अंगावरून दुसरीच्या चोळीचं माप घ्यावं तसं. आणि पुढं बसवलं होतं, ते मागची जागा मोकळी राहावी म्हणून.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मागचं डावं दार उघडलं. जागाच भरलेली असली, तर ती बसणार कुठं?

"आज मी मागं बसते."

वीरधवलराव नको म्हणतील, असं त्यांना वाटलं होतं.

"बस की," ते लगेच म्हणाले.

पडद्यावर मागचा डावा दिवा लागला. साऱ्या वाटेनं बाईंनी त्याच्यावरून नजर काढली नाही. कडक गाडीत कणा ठणकत होता. पुढच्या सीटवर ऊन पडलं होतं.

भर दुपारी लिंब आला.

गाडी थांबली. खटका फिरला. फुस्स.

विजयमालाबाईंनी दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली.

मागचा कोपरा हलला नाही.

पुढचा दबला.

पुढच्या सीटचं कातडं करकरलं. सीट आपोआप मागं सरकली, सावकाश, बाईंच्या गुडघ्यांना टेकेपर्यंत. दगडाचा वास आला.

"आवं," बाई म्हणाल्या.

वीरधवलरावांनी मान वळवली. आरशाकडं नाही, शेजारी. पन्नास वर्षांत बाईंनी न पाहिलेलं हसू त्यांच्या गालावर आलं.

"बरं बसतंय न्हवं?"

पडद्यावर पुढचे दोन्ही दिवे हिरवे होते. मागचा विझला होता.

विजयमालाबाईंनी पट्टा काढला, पुन्हा ओढला, खटकन लावला. सगळं अंग सीटवर टाकलं.

मागचा दिवा लागला नाही.

गाडीनं दोन माणसांपुरतं स्वतःला उचललं आणि झोळीसारखी डोलत सांगलीकडं निघाली.