काळा नको, मोतिया

दिवा जरा इकडे सरकव आणि नीट मांडी घालून बस. तू धाकटी बहीण, तुझ्यापासून काय लपवायचं? पण सांगताना मध्येच "काहीतरीच काय ताई" म्हणायचं नाही. तुझी सवय मला ठाऊक आहे. आज ती जरा आवर.

निघालो होतो ते रंग ठरवायला, बाकी काही नाही. सकाळचं लख्ख ऊन होतं, माझ्या पिशवीत रंगांच्या पट्ट्या होत्या आणि आमचे हे माझ्या पुढे झपाझप चालले होते. हे पुढे आणि मी मागे, याचंच मला केवढं अप्रूप. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसायचा. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. तू भेटायला आलीस तेव्हा तुझ्याशीसुद्धा "बरं आहे" यापलीकडे बोलले नव्हते, आठवतं ना? डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, आता यांना जगावंसं वाटलं पाहिजे, आणि त्याचं औषध माझ्याकडे नाही. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. नळ अशासाठी, की यांना ऐकू जाऊ नये.

मग ती गाडी आली. कुणाच्या तरी सोबतीला म्हणून हे भंगाराच्या आवारात गेले, आणि तिथे गवतात रुतलेली ती दिसली. जुन्या काळची, दोन दारांची, गाल फुगवल्यासारखे मडगार्ड असलेली. येताना टेम्पोत घालून घेऊनच आले. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, घरात एक भंगार बसलंय ते पुरे नव्हतं वाटतं. आणि हे हसले गं. कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "छप्पर जरा खाली आणू. मग बघ कशी रुबाबदार दिसते."

तिथेच मी मनाशी ठरवलं, ही गाडी पुरी झालीच पाहिजे. हिच्या आड जो येईल त्याची खैर नाही.

मग काय विचारतेस. छप्पर कापून बुटकं केलं, इंजिन एका गाडीचं, सीटा दुसऱ्या गाडीच्या, दिवे आणखी कुठले. यांच्या तोंडी नुसतं वंगण आणि नटबोल्ट. भूक लागायला लागली, माझ्याशी भांडायला लागले. मी खूश. शेवटी रंग तेवढा उरला, आणि रंग म्हटल्यावर मी मागे राहते होय?

पेंटरची शेड गावाबाहेर, पत्र्याची. आत शिरलं की थिनरचा वास थेट डोक्यात जातो. वर ऊन तापलं की छप्पर मध्येच कटकट वाजतं, आणि खाली सतत पत्र्यावर पॉलिश पेपर घासल्याचा आवाज, खस्स… खस्स… पेंटर उंच, हडकुळा, कोपरापर्यंत रंगलेला. आम्हाला काका-काकू म्हणतो. त्याने माझ्या पट्ट्या बाजूला सारल्या. म्हणाला, "सपाट पट्टीवर रंग खरा कळत नाही काकू, वळणावर बघावा लागतो." आणि त्याने पत्र्याच्या छोट्या वाकवलेल्या तुकड्यांवर मारलेले रंग दारातल्या उन्हात एकेक करून ठेवले. मोरपंखी, डाळिंबी, शेवाळी, अबोली, मोतिया. अगं, मी वेडीच झाले. मोरपंखी उचलावा तर डाळिंबी खुणावतोय. डाळिंबी घ्यावा तर शेवाळी म्हणतोय मी काय पाप केलंय. तुकडा वळवला की कडेवरून उजेड असा घसरत जायचा की बघतच राहावं. जन्मात मला कुणी एवढे रंग समोर ठेवून "निवड" म्हटलं नव्हतं.

आमच्या यांनी एकाही तुकड्याला हात लावला नाही. म्हणाले, "काळा."

"काळा?" मी म्हटलं. "एवढे रंग असताना?"

"साधा नव्हे. सावलीत काळा, आणि उन्हात आला की आतून जांभळा उठेल असा. आरशासारखा." बोलताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मी मोरपंखी खाली ठेवला. मलाही ती गाडी दिसायला लागली. काळीभोर, लांबलचक, आपल्या गल्लीतून हळूच वळतेय आणि समोरची ती नाक मुरडणारी बाई दारात उभी. म्हटलं, ठरलं, काळाच.

 हे जाऊन गाडीत बसले आणि लहान मुलासारखं स्टिअरिंग फिरवायला लागले. शीळही घालत होते. तेव्हा पेंटर खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, जरा मागे येता?"

गाडीला तेव्हा नुसता राखाडी प्रायमर होता. डिकीजवळ थांबून तो म्हणाला, "काळा रंग काही लपवत नाही. पत्र्यात केसाएवढा उंचवटा असला तरी उन्हात दिसतो. म्हणून आम्ही आधी प्रायमरवर काळा हलका फवारा मारतो आणि कागदाने घासतो. जिथे पत्रा वर आलेला असतो तिथलं काळं आधी निघून जातं. म्हणजे दोष कुठे आहे ते कळतं."

"मग?"

"हे बघा."

डिकीच्या झाकणावर काळा फवारा होता, आणि त्या काळ्यात राखाडी रंगाचे दोन तळवे. शेजारी शेजारी, बोटं वरच्या अंगाला पसरलेली. मी म्हटलं, कुणीतरी हात टेकवला असेल. त्याने मान हलवली. "टेकवला असता तर पत्रा आत गेला असता. हा बाहेर आलाय. आतून दाबल्यासारखा."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्याने कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. यांची शीळ चालूच होती.

"ठोकून बसवता येत नाही का?" मी विचारलं.

"बसवलं. पुट्टी भरली, घासलं, परत फवारा मारला. परत आले." त्याने बोट दाखवलं. "तेव्हा दोन्हींच्या मध्ये हेही आलं…"

तळव्यांच्या मधोमध एक गोलसर डाग होता. दमलेला माणूस दाराला कपाळ टेकतो ना, तिथे येईल तसा.

"झाकणच बदला ना मग."

"हे बदललेलंच आहे काकू. जुनं त्या कोपऱ्यात पडलंय. ते आता सपाट आहे…"

मी डिकी उघडायला लावली. आत काही म्हणजे काही नव्हतं. कोरा पत्रा, तेलाचा वास, आणि त्याच्याखाली आणखी एक वास. आजारी माणसाच्या बंद खोलीला असतो ना, तसा. मी झाकण बंद केलं आणि काय सुचलं कोण जाणे, त्या राखाडी तळव्यावर माझा तळवा ठेवला. सावलीतला पत्रा गार असायला हवा होता. तो कोमट होता. आणि माझ्या हाताखाली तो हळूच, अगदी हळूच वर आला… मांजर पाठ उचलतं तेवढाच.

हात मी असा ओढून घेतला की बांगडी फुटायचीच राहिली. पेंटरने ते पाहिलं. म्हणाला, "काकांना सांगा. गाडी परत भंगारात जाऊ द्या. मला काही नको."

मी वाकून पुढे पाहिलं. हे सीटवर रेलून बसले होते, एक हात खिडकीबाहेर काढून, आणि कुठल्याशा वळणावर गाडी वळवत होते. ही गाडी गेली तर हा माणूस पुन्हा त्या भिंतीसमोर जाऊन बसणार, आणि या खेपेला उठणार नाही. हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. तूच सांग, मी काय करायला हवं होतं? भीती वाटली का म्हणशील तर हो, वाटली. पण भिंतीची भीती जास्त होती.

मी पेंटरला विचारलं, "फिका रंग दिला तर दिसणार नाही ना?"

तो म्हणाला, "दिसणार नाही. पण असणार."

"दिसला नाही की झालं," मी म्हटलं, आणि मोतियाचा तुकडा उचलून तरातरा पुढे गेले. म्हटलं, आता या माणसाशी तासभर हुज्जत घालावी लागणार. काळा रंग म्हातारा दिसतो, काळ्यावर धूळ दिसते, असं तोंडाला येईल ते बोलत सुटले. तुकडा उन्हात धरला. मोतिया काय सुंदर दिसत होता, साईसारखा मऊ. यांनी एकदा तुकड्याकडे पाहिलं, एकदा आरशातून मागे डिकीकडे.

"बरं," म्हणाले. "मोतिया."

एवढंच. ज्या माणसाने भाजीत मीठ कमी पडलं म्हणून आदल्याच दिवशी माझ्याशी वाद घातला होता, त्याने आपला काळा रंग एका शब्दात सोडून दिला. मला तेव्हा आनंदच इतका झाला की नवल वाटायला सवडच मिळाली नाही.

गाडी तयार झाली त्या दिवसाचं काय सांगू तुला. पेंटरने शेडचं दार लोटलं आणि ती बाहेर आली ना, मी टाळ्याच पिटल्या. ऊन नुसतं तिच्यावरून वाहत होतं. मी आधी मागे धावले. झाकण स्वच्छ, गुळगुळीत, एक रेघ नाही की सावली नाही. मी चारही बाजूंनी वाकून पाहिलं. पेंटर लांबच उभा होता, आणि किल्लीसुद्धा त्याने माझ्या हातात दिली नाही, बाकावर ठेवली.

यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागलो, दोन्ही काचा खाली, माझे केस तोंडावर, आणि हे अखंड बोलतायत. लोक वळून वळून बघत होते. मला वाटलं, देवा, जिंकले मी. माझं माणूस मला परत मिळालं. त्याच भरात मी विचारलं, "काय हो, एवढा हौसेचा काळा रंग, आणि लगेच कसा सोडलात?"

हे रस्त्यावर नजर ठेवून म्हणाले, "काळा उन्हात फार तापतो गं. आत सोसवत नाही त्याला."

मला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, "कुणाला?"

"हळू बोल," हे म्हणाले. इतक्या मायेने म्हणाले की विचारू नकोस. "आत्ताच डोळा लागलाय."

पुढचा सगळा रस्ता मी मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर पोळ्या केल्या, यांनी पोटभर खाल्ल्या, वर ताक मागितलं. काय बोलणार होते मी? माणूस समोर बसून जेवतोय, हसतोय, गाल भरलेत. रोज सकाळी उठून गाडी पुसतो, मागे डिकीपाशी बराच वेळ उभा राहतो. काय बोलतो ते मला खिडकीतून ऐकू येत नाही. मी खिडकी उघडतही नाही.

आज सकाळी आत आले ते हात चोळत, अगदी उत्साहात. म्हणाले, "आपण बाहेरून रंग दिला, पण डिकीला आतून दिलाच नाही. आत नुसता पत्रा आहे, बरं दिसत नाही."

म्हटलं, "द्या की. कोणता देताय?"

"विचारून येतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

परत आले तेव्हा चेहऱ्यावर असं हसू होतं, लग्नात होतं तसं. माझ्यासमोर स्टुलावर बसले, माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तो म्हणतोय, तिला विचार. तिच्या आवडीचा हवा."

"माझ्या कशाला?"

हे नुसते माझा हात थोपटत राहिले. मग म्हणाले, "घाई नाही. उद्या सांगितलंस तरी चालेल." थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली होती. बसले नव्हते अजून. नुसती वळवून ठेवली होती, आणि माझ्याकडे बघत होते.

म्हणून तुला बोलावलं. नाही, उठू नकोस, मी ठीक आहे. त्या पट्ट्या बघ ना, तिथे दिव्याखाली ठेवल्यात. दुपारपासून चाळतेय. अबोली बरा वाटतो मला, की जरा गडद घेऊ? तुझी नजर चांगली आहे. सांग ना, झाकण लावल्यावर आतून कोणता बरा दिसेल?