शटर वाजवू नये

नारायण पेठेतल्या माझ्या दुकानावर पाटी आहे : ‘दुपारी १ ते ४ बंद. शटर वाजवू नये. वाजवल्यास उघडले जाणार नाही.’ लोक हसतात, पण वाचतात. तरीही कुणी वाजवलंच तर मी आतून ओरडतो, “चारनंतर या!” मी काही झोपत नाही. शटर आतून ओढून घेतो आणि लग्नांच्या कॅसेट एडिट करत बसतो. तीन तास कुणाची कटकट नाही.

२००१च्या डिसेंबरातल्या त्या दुपारी काम घरचंच होतं, माझ्या रुपालीच्या लग्नाची सीडी गाण्यांवर बसवायचं. जावई दिग्विजय कॅलिफोर्नियात, कॉम्प्युटर कंपनीत. रात्रीच्या विमानानं ती त्याच्याकडे जाणार होती. तीन वाजता ती गाडी घेऊन दुकानासमोर येणार, मग आम्ही दोघं मुंबईच्या विमानतळावर. तिला आई नाही. निरोप द्यायला मी एकटाच.

“बाबा, रटाळ नको हं,” तिनं बजावलं होतं. “ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला शॉट बदलला पाहिजे. टीव्हीवर असतं तसं.”

“आणि सासूबाई अर्ध्या सेकंदात गेल्या तर?”

“तर बरंच.”

खरं सांगायचं तर मी त्या लग्नात नव्हतोच. दुसऱ्याचं शूटिंग मला पसंत पडत नाही, म्हणून कॅमेरा मीच धरला. कन्यादान माझ्या धाकट्या भावानं, श्यामसुंदरनं, केलं. अक्षता टाकायलाही माझा हात मोकळा नव्हता. पाच तासांच्या टेपमध्ये मी एकदाही दिसत नाही. याचं मला फार वाईट वाटायचं, आणि ते मी कुणाजवळ बोललो नव्हतो. निदान आज तिला जवळ घेऊन निरोप द्यायचा, एवढंच ठरवलं होतं.

ठोके वेगळे काढणं अवघड नसतं. गाण्यातला वरचा वरचा आवाज कापत जायचा. आधी सनई जाते, मग गायिका जाते, खाली नुसता ढोल उरतो. तो हेडफोनमध्ये ऐकत प्रत्येक ठोक्याला एक कळ दाबायची. पडद्यावर खूण पडते. मग खुणेवर शॉट तोडायचा.

दीड वाजता कुणीतरी शटर वाजवलं. तीन ठोके, जरा थांबून दोन.

“चारनंतर या!” मी सवयीनं ओरडलो.

पुन्हा तीन, दोन. मी चिडून हेडफोन काढला. बाहेर शांतता होती. हेडफोन कानाला लावला. तीन, दोन.

आवाज गाण्यातच होता. ढोलाच्या खाली, पत्र्यावर मूठ आपटल्यासारखा. म्हटलं, गाण्याची सीडी खराब असेल. दुसऱ्या सीडीवरचं गाणं लावलं, वरचा आवाज कापला. ढोलाखाली तेच. तीन, दोन.

वेळ नव्हता. त्या ठोक्यांकडे दुर्लक्ष करून मी खऱ्या ढोलावर शॉट तोडले, लग्नाची सीडी तयार केली आणि एकदा पाहून घेतली.

शॉट नको तिथेही तुटले होते. त्या पाच ठोक्यांवर.

पहिल्या ठोक्याला मांडव आला. मुंडावळ्या बांधलेली रुपाली, आणि तिच्याशेजारी मी. हातात अक्षता.

दुसऱ्याला मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतो. तिसऱ्याला डोळे पुसत होतो. चौथ्याला ती माझ्या गळ्यात पडली होती. असं काहीही घडलेलं नव्हतं. आणि मी तिथे उभा होतो, तर कॅमेरा कुणी धरला होता?

पाचव्या शॉटमध्ये मी सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होतो. कॅमेरा धरणाऱ्याची दया आल्यासारखा.

मी सीडी काढून खिशात टाकली आणि शटरकडे धावलो. कडी निघाली, शटर हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. तसूभरही नाही. फोन उचलला, तो बंद.

तीनला पाच कमी होते.

बाहेर गाडी थांबली. दार उघडल्याचा आवाज आला, रुपालीच्या बांगड्या वाजल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी मुठीनं पत्रा वाजवला. तीनदा. दम लागला म्हणून थांबलो. मग दोनदा.

“चारनंतर या!” बाहेरून उत्तर आलं.

आवाज माझा होता.

“कुणावर ओरडताय बाबा?” रुपाली हसत होती.

“कुणी नाही गं. लोकांना पाटी वाचता येत नाही. चल, उशीर होतोय.”

“सीडी घेतलीत ना?”

“घेतली.”

आत मी खिसा चाचपला. सीडी माझ्याकडेच होती.

“रुपाली! रुपे!” मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. दार लागलं, गाडी सुरू झाली. मग लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला गाडीचा आवाज विरत गेला.

तेव्हापासून भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी आहेत. बाहेरून लोक जातात. कुणीतरी पाटी मोठ्यानं वाचतं, हसतं, पुढे जातं. मी अजून वाजवतो, तीन आणि दोन.

टेबलावर हेडफोन पडलेला आहे. माझी मूठ पत्र्याला लागायच्या जरा आधी त्यात ठोका वाजतो.