प्राणी आत विश्रांती घेत आहे

दोन वर्षं एक पत्र माझ्या कपाटातल्या एका जाड पुस्तकात पडून होतं.

ऑगस्ट २०२३ चं पत्र. पाठवणारा भाऊसिंग, मेडशीजवळच्या तांड्यावरचा. त्यानं दोनच ओळींचं उत्तर मागितलं होतं.

मी दिलं नाही.

का दिलं नाही, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. या पानावर तुम्ही बऱ्याच कथा वाचत असाल. त्यातल्या खऱ्या किती, मला ठाऊक नाही. ही माझ्यासमोर घडली. तरी 'खरी' हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. आपण काय पाहिलं, याची मला स्वतःलाच कधी पुरती खात्री वाटत नाही. माझ्या या सवयीपायी एका माणसाची नोकरी गेली.

तारीख पक्की आठवते. सोमवार, १५ मे २०२३. जागा, वाशीम शहराच्या बाहेरचं एक लहानसं प्राणिसंग्रहालय. नाव लिहीत नाही. आता ते बंद आहे.

वेळ दुपारी तीनची.

हो, दुपारच. लख्ख ऊन होतं.

माझं नाव नरेंद्र. वय एकाहत्तर. उभा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला. अक्षर बरं आहे, म्हणून निवृत्तीनंतर या संग्रहालयात फलक रंगवायचं काम मिळालं. मी कधी कुणाला शिकवलं नाही, पण तिथले लोक मला गुरुजी म्हणायचे.

मी लागलो तेव्हा तिथे मगरी होत्या, हरणं होती, अजगर होता, माकडं होती. मग अनुदान रखडू लागलं. मगरी दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. मागोमाग हरणं गेली. अजगर एका थंडीत मेला.

पण ऑफिसच्या भिंतीवर विस्ताराचा रंगीत नकाशा होता. चाळीस एकर. सफारी. काचेचा बोगदा. वाघ, सिंह, अस्वल.

रिकाम्या पिंजऱ्यांवर मी फलक रंगवत होतो. 'वाघ – लवकरच येत आहे.' 'सिंह – लवकरच येत आहे.' ऊन-पावसानं अक्षरं उडाली की तीच पुन्हा रंगवायची. असं तीन वर्षं चाललं.

भाऊसिंग तिथला जुना रखवालदार. जनावरांना खाऊ घालणं, पिंजरे धुणं, सगळं तोच बघायचा. मला म्हणायचा, "गुरुजी, जनावरं कमी झाले न् तुमचे बोर्ड वाढले. उद्यापासून बोर्डालेच चारा टाकतो मी."

शेवटी मोठा प्राणी एकच उरला. तडस.

भाऊसिंगनं त्याचं नाव ठेवलं होतं 'दाजी'. का, म्हणून मी एकदा विचारलं.

"जेवाच्या टायमालेच बाहीर येते. जेवलं का आत जाऊन झोपते. मंग दाजी नाई तं काय?"

दाजीचा मागचा उजवा पाय फासात अडकून निकामी झाला होता. तो पाय ओढत चालायचा. पिंजऱ्यातल्या रेतीवर त्याचा माग वेगळाच उमटायचा. तीन पंजे आणि एक रेघ... तीन पंजे आणि एक रेघ.

रोज दुपारी तीनला भाऊसिंग लोखंडी घमेल्यावर तीनदा सळई वाजवायचा.

"दाजी... जेवाले चाला."

आणि आतून घसटण्याचा आवाज यायचा.

२५ एप्रिलला सकाळी दाजी मेलेला सापडला.

मी कठड्याबाहेरून पाहिलं. अंगावर पोतं टाकलेलं. पोत्याबाहेर पाय. माशा. शेजारी भाऊसिंग गमछ्यात तोंड घालून बसलेला.

मी जवळ गेलो नाही. मेलेलं काही जवळून पाहायचं धाडस माझ्यात नाही.

अधीक्षक साहेब आले. पोत्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन महिन्यांत तपासणी आहे. विस्ताराची फाइल तिच्यावर अडलीय. आपल्याकडे मोठा प्राणी हा एकच. हा मेला असं आत्ता कळवलं तर मंजुरी गेली, संग्रहालय गेलं, तुमच्या नोकऱ्याही गेल्या. मी दुसरा तडस मागवतो. तोवर..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, एक फलक लिहा."

मी लिहिला. हिरव्या पत्र्यावर पिवळी अक्षरं.

'प्राणी आत विश्रांती घेत आहे.'

सांगायला लाज वाटते, पण अक्षर फार सुरेख आलं होतं.

दाजीला भाऊसिंगनं त्याच दिवशी मागच्या पडीक जागेत पुरलं. एकट्यानं. मी पाहायला गेलो नाही. साहेबांनी त्याला बजावलं होतं, की रोजचं मांसाचं घमेलं ठेवणं बंद करू नको, लोकांना संशय यायला नको. तोही मुकाट्यानं तीनला सळई वाजवायचा.

चौथ्या दिवशी एक बाई मुलींना घेऊन परतताना मला म्हणाल्या, "बोर्ड कायले लावला जी? दिसला ना तडस. अंधारात बसून होता. डोये चमकून राह्यले होते त्याचे."

मी हसलो. त्यांना भास झाला असेल.

पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा शिरला.

पोत्याखाली नक्की काय होतं? मी तर फक्त पाय पाहिले होते. भाऊसिंग नेहमी म्हणायचा, "याले रानात सोडून देलं पाह्यजे." त्यानं जनावर लपवलं तर नसेल? की साहेबांनी दुसरा तडस गुपचूप आणला असेल? आणि संध्याकाळी घमेलं रिकामं कसं होतं?

मी भाऊसिंगला विचारलं.

त्यानं हातातला झाडू खाली ठेवला. "मले वाटलं तुमी उचलता गुरुजी. कुत्र्यायले टाकत असान."

मी कधी उचललं नव्हतं.

तो खोटं बोलतोय, असं मला वाटलं. त्याला माझ्याबद्दल तेच वाटलं असणार.

सोमवारी संग्रहालयाला सुट्टी असायची. १५ मेला भाऊसिंग तांड्यावर लग्नाला गेला होता. रंगाचा डबा घेऊन मी एकटाच गेलो. कारण फलक रंगवण्याचं. खरं म्हणजे मला पाहायचं होतं.

पिंजऱ्याचं दार बंद. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कुलूप. भाऊसिंग आदल्या दिवशी झाडून, घमेलं आत ठेवून गेलेला. रेती पाटीसारखी कोरी.

मी कठड्याशी बसून 'विश्रांती'वरचा अनुस्वार रंगवत होतो.

आणि माकडं गप्प झाली.

एकदम. सगळी.

झाडावर मघाशी कावळा होता, आता तोही नव्हता.

मग... आतल्या खोलीतून घमेलं सरकल्याचा आवाज आला.

घर्रर्र...

मला वाटलं, उंदीर असेल.

मग हाड फुटलं.

मी आठ वर्षं तो आवाज ऐकला होता. तडस हाड फोडतो तेव्हा तसाच आवाज होतो.

"भाऊसिंग?" मी हाक मारली. तो लग्नाला गेलाय, हे ठाऊक असून.

आवाज थांबला.

घसटत काहीतरी निघालं. दार उघडलं नाही. कुलूप हललं नाही. पण आवाज दाराच्या अलीकडे आला... मग आणखी अलीकडे.

मला काहीच दिसत नव्हतं.

माझ्या हातावर गरम, कुबट श्वास आला. ब्रश हातातून सुटून गजांच्या आत पडला.

मी रेतीकडे पाहिलं.

बंद दारापासून माझ्यापर्यंत. तीन पंजे आणि एक रेघ. तीन पंजे आणि एक रेघ.

येतानाचे. परत जातानाचे नव्हते.

मी कसा पळालो, ते आठवत नाही.

मंगळवारी भाऊसिंग माझ्या टेबलाशी आला आणि ब्रश समोर ठेवला. दांडा मधोमध चावलेला.

"तुमी आत काहून गेल्ते गुरुजी?"

"मी आत गेलो नाही."

"आतल्या खोलीत होता हा. कुलूप तं आता मीच खोललं. किल्ली माह्याच कंबरेले हाये."

"रेतीवर काही होतं का?"

"काय राह्यन?" तो म्हणाला. पण माझ्या डोळ्याला डोळा देईना.

जूनअखेर तपासणी झाली. समितीच्या माणसानं आतली खोली उघडायला लावली. आत काहीच नव्हतं. दुसरा तडस आला नव्हताच.

साहेबांनी आत एकदा डोकावलं. मग म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत होता. कुलपाची जबाबदारी रखवालदाराची."

भाऊसिंगला समजायलाच वेळ लागला. "सायेब, काय बोलून राह्यले? दाजी एप्रिलमंदी मेला! म्या पुरला त्याले! मेलेला सापडला तवा हे गुरुजी पाह्यत उभे होते. गुरुजीले इचारा!"

सगळे माझ्याकडे वळले.

एवढी माणसं माझ्याकडे पाहू लागली की मी खाली पाहू लागतो. शाळेपासून तसंच आहे. आणि डोक्यात रेतीवरचा तो माग. जे मेलं ते चाललं कसं? जे चाललं ते मेलं होतं कशावरून?

मी म्हणालो, "मला... नक्की सांगता येणार नाही."

भाऊसिंगनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

मागची जागा खणून पाहू, असं कुणीसं म्हणालं. पण मंजुरीआधीच साहेबांनी तिथे विस्ताराच्या पायाचा मुरूम पसरून घेतला होता. जनावर विकल्याचा ठपका ठेवून त्याला कामावरून काढलं. चौकशी लागली. विस्तार झाला नाही तो नाहीच. मीही काम सोडलं.

मग ते पत्र आलं. वेड्यावाकड्या अक्षरात.

'गुरुजी, दाजी मेला होता येवढच लिवून द्या. तांड्यावर लोक मले चोर मनतात. दोन ओळी फक्त.'

मी चारदा उत्तर लिहायला बसलो. 'मी पाहिलं' असं लिहायचो आणि थांबायचो. नक्की पाहिलं का?

आणि दर वेळी पत्र हातात घेतलं की अंगणात घमेलं सरकायचं.

घर्रर्र...

एकदा मी दुर्गाला, म्हणजे बायकोला, म्हणालो, "अंगणातलं ते घमेलं उचलून ठेव."

"कोनतं घमेलं?" ती म्हणाली. "आपल्या घरी घमेलंच नाई."

गेल्या महिन्यात भाऊसिंगची बायको घरी आली. रामीबाई. दारातच उभी राहिली, बसली नाही.

"अठ्ठावीस तारखेले शेवटची सुनावनी हाये. पोरीची सोयरीक मोडली गुरुजी. चोराची पोरगी मनतेत. ह्यायनं मले येऊ नोको मनलं होतं. म्याच आली."

मी खाली पाहत होतो. म्हणालो, "विचार करतो."

"दोन सालापासून इच्यारच करून राह्यले ना तुमी? तुमाले अक्षर येते मनून तुमच्यापाशी आली. आमाले येतं तं आमीच लिवलं असतं."

जाता जाता ती अंगणात थांबली. खाली वाकून काहीतरी पाहिलं.

"तुमच्याइकडं बी येते?"

"काय?"

"ह्यायच्या ताटातली पह्यली भाकर बाहीर ठेवा लागते. नाई ठेवली तं दारात घसटत राह्यते, तीन वाजता." तिचा आवाज खाली आला. "पुरलं हो त्याले. आपल्या हातानं पुरलं. मंग काहून येते?"

ती गेल्यावर मी अंगणात गेलो. दुर्गानं सकाळीच सडा टाकला होता. ओल्या मातीत तीन पंजे होते आणि एक रेघ.

दोन वर्षं मला वाटत होतं, की ज्या अर्थी ते येतं त्या अर्थी ते मेलं नसावं. त्या दिवशी पहिल्यांदा उलटं सुचलं. ते मेलंच होतं. पण ते मेलं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं एकच होतं. ते आत विश्रांती घेत आहे. सुरेख अक्षरात.

हे खरं की माझी समजूत, देव जाणे.

"लिवता का मी लिवू?" दुर्गा आतून म्हणाली. "माहं अक्षर खराब हाये, पन मले दोन साल नाई लागत."

मी लिहिलं.

'भाऊसिंग, दिनांक २५ एप्रिल २०२३ रोजी सकाळी तडस मेला होता. मी पाहिला. प्राणी आत विश्रांती घेत असल्याचा फलक मी लिहिला. ते खोटं होतं. हे पत्र चौकशीत दाखव. बोलावलं तर मी येईन. उशिराबद्दल क्षमा मागायला तोंड नाही. – नरेंद्र.'

लिहिताना अंगणात आवाज आला नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. वाशीमच्या पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. मी पाकीट दिलं. स्पीड पोस्ट, मु. पो. मेडशी. तिनं वजन केलं आणि माझ्या मागे पाहिलं.

"काका, कुत्रं बाहेर ठेवा ना."

"माझं कुत्रं नाही."

"मग कोणाचं ते?" ती मान वाकडी करून बघत होती. "बिचारं लंगडते..."

मी वळलो नाही. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. तीन वाजले होते.

तिनं शिक्का मारला. पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. पावती माझ्या हातात दिली.

"गेलं बघा," ती म्हणाली. पत्राबद्दल की कुत्र्याबद्दल, मी विचारलं नाही.

मग मी वळलो. बाहेर रस्त्याचं काम चालू असल्यानं फरशीवर धुळीचा थर होता. दारापासून खिडकीपर्यंत माझ्या चपलांचे ठसे होते, आणि त्यांच्या शेजारून...

येतानाचे होते.

जातानाचे नव्हते.

खिडकीमागे पोत्याचं तोंड बांधत होते. मेडशीचं टपाल निघालं होतं.