चौदावा टॉवर

आमच्या पेडगावच्या शेतात एक मोबाईल टॉवर आहे. धम्मदीप पहिल्यांदा आला, तो हा टॉवर मोजायला.

"एक," वर बघत तो म्हणाला आणि वहीत लिहिलं.

मी बांधावर हरभऱ्याचे ढाळे उपटत होते. "आमी रोज मोजतो," मी म्हणाले. "एकच भरतो."

तो कानापर्यंत लाल झाला.

तो पूर्णा गावच्या शाळेत गणित शिकवायचा. 'गगनदूत टेलिकॉम'चा शेअर तेव्हा दोन रुपयांना मिळत होता, चहापेक्षा स्वस्त. ही किंमत चूक आहे, असं त्याचं म्हणणं. जिल्ह्यात कंपनीचे चौदा टॉवर. एका टॉवरची किंमत धरायची, त्यावरून राज्याचा अंदाज काढायचा, शेअरच्या संख्येनं भागायचं. उत्तर बारा रुपये येत होतं.

चौदावा टॉवर आमचा. तो त्यानं चार रविवार मोजला. फेरमोजणी म्हणे! तिसऱ्या रविवारी येताना बोरं आणली. चौथ्या रविवारी फीत धरताना बोटाला बोट लागलं... आणि दोघंही आकडा विसरलो.

पाचव्यांदा तो मंगळवारी आला. दुपारी तीनला, अर्धी रजा टाकून.

"राजेश्री, भाव दोन-साठ झालाय. आईचे ऐंशी हजार घातलेत मी. आज विकू, का बारापर्यंत थांबू? टॉवर शेवटचा बघून ठरवतो."

"आईला ठाऊक हाय?"

"तिला वाटतंय बँकेत हायेत. सहा वर्षं लोकांचे कपडे शिवलेत तिनं..."

टॉवरच्या पायथ्याशी पत्र्याची खोली आहे. त्यानं ती चारही रविवार बाहेरूनच मोजली होती. मी कडी काढली.

आत आमची शेळी होती. शेजारी दोन करडं. यंत्रं, तारा, बॅटऱ्या सगळं कंपनीची माणसं दोन वर्षांपूर्वीच सोडवून घेऊन गेली होती.

धम्मदीपनं वही उघडली.

"शेळी कंपनीची हाय का?"

"न्हाई. आमची."

"मग शून्य." त्यानं वहीत लिहिलं. "बाकीचे तेरा तर मी रस्त्यावरूनच मोजलेत..."

"विका. आत्ताच्या आत्ता!"

त्यानं मोबाईल काढला. तीन वाजून चौदा मिनिटं. बाजार साडेतीनला बंद होणार... आणि रेंज नाही.

मी वर बोट दाखवलं. आमच्या शिवारात रेंज एकाच जागी येते, तीही दुसऱ्या कंपनीची. याच टॉवरच्या पहिल्या टप्प्यावर. बारावीचा निकाल मी तिथंच चढून पाहिला होता.

"मला उंचीची लय भीती वाटती," तो म्हणाला.

"शेअर घेताना न्हाई वाटली?"

तो चढला. मागोमाग मी. वर वारा असा, की ओढणी अंगावर ठरेना. तीन-बावीस. भाव दोन-चाळीस. त्यानं विक्रीला लावले... स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. त्या भावाला गिऱ्हाईक नाही. भाव दोन-दहा. वेळ तीन-सत्तावीस.

"भाव कमी करा!"

"पण राजेश्री, हिशोबानं बारा..."

"धम्मदीप, आत शेळी हाय!"

त्यानं डोळे मिटून बटण दाबलं. तीन-एकोणतीसला सगळे शेअर गेले. दोन रुपये पाच पैशांनी. आईचे पैसे वाचले. मला श्वास घ्यायचं आठवलं.

"तुमाला पहिल्याच दिवशी माहीत होतं," तो हळूच म्हणाला.

"हो."

"मग सांगितलं का न्हाई?"

मी लांब पांदीच्या रस्त्याकडं बघितलं. "सांगितलं असतं तर... दुसऱ्या रविवारी आला असता का?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "मोजणी पहिल्याच दिवशी झाली होती. नंतरचे तीन रविवार..."

त्याला पुढचं सांगता आलं नाही, कारण खाली गलका उठला होता. आमच्याकडं माणूस टॉवरवर चढला की ते आंदोलनच असतं. अर्धं गाव जमलेलं. गावचा कोतवाल बन्सीधर कागद-पेन घेऊन ओरडत होता, "उडी मारू नका! काय म्हणणं हाय ते सांगा, लिहून घेतो!"

गर्दीतून माझे वडील पुढं आले. "राजे! ते कोण हाय वर?"

"गुंतवणूकदार म्हणा," धम्मदीप कुजबुजला.

मी छातीत वारा भरून घेतला. "दादा, पूर्णेचे गणिताचे सर हायेत! लग्नाचं विचारायला आलेत!"

धम्मदीपनं दोन्ही हातांनी शिडी आवळली, आणि मग त्यातला एक हात सोडून माझा धरला.

"विचारायला आले, तर वर कशाला चढले?" दादा गरजले.

धम्मदीपनं पहिल्यांदाच खाली पाहिलं.

"रेंज न्हवती, मामा!"

बन्सीधरनं तेवढंच लिहून घेतलं.